जबडा नसलेल्या जळवा: टाकीतल्या, तळ्यातल्या आणि पाकटावरच्या

पाणवठा

प्राणिशास्त्र शिकलेल्या कुणालाही जळू म्हटलं की एकच जळू आठवते: हिरुडिनारिया, गुरांना लागणारी, तीन जबड्यांची. एम. एल. भाटिया यांनी १९४१ साली तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि आपल्या अभ्यासक्रमांत तीच कायमची बसली. आकृती तिची, विच्छेदन तिचं, चावल्यावर उमटणारी तीन रेघांची खूणही तिचीच.

पण तळ्याच्या काठचा दगड उलटा करा किंवा दुकानातून आणलेल्या वॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीच्या पानांची मागची बाजू बघा. तिथे हाती लागते ती बरेचदा निराळीच असते. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांब, पानासारखी चपटी, करडी किंवा हिरवट, कधी जवळजवळ पारदर्शक. हात लावला की पोहून पळत नाही, अंगाची गुंडाळी करून टुपकन खाली पडते. तिला जबडे नाहीत. या जळवांबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. जबडा नसण्याचे जळवांमध्ये दोन अगदी वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार सोंडवाल्यांचा. पुढच्या चूषकात, म्हणजे चिकटून धरायच्या वाटीसारख्या भागात, एक बारीक छिद्र असतं, आत म्यानात मांसल नळी असते. खायच्या वेळी ती नळी बाहेर येते आणि थेट भक्ष्याच्या अंगात घुसते. लाळग्रंथींच्या नळ्या या सोंडेत उघडतात, त्यामुळे लाळ जखमेच्या तळाशीच पोचते. ॲमेझॉन खोऱ्याच्या परिसरातली हेमेंटेरिया घिलिआनी ही जळू ४५ सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि तिची सोंड १० सेंटिमीटरपर्यंत असते. आपल्याकडच्या ग्लॉसिफोनियाची सोंड त्या मानाने कणभर, पण रचना तीच.

दुसरा प्रकार ना सोंड ना जबडा असलेल्यांचा. एर्पोबडेला आणि तिच्या नात्यातल्या जळवा. यांचा घसा लांब आणि स्नायूंनी भरलेला असतो. या रक्त पीत नाहीत. गांडूळवर्गातले किडे, डासांसारख्या माश्यांच्या अळ्या अख्ख्या गिळतात. आशियातली बार्ब्रोनिया वेबेरी याच गटातली. तिच्या घशात इवले काटे असतात, पण त्यांना जबडे म्हणता येत नाही. ही जळू पाणवनस्पतींच्या व्यापाराबरोबर युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचली आहे.

सोंडवाल्यांकडे परत येते. यांची तीन मोठी कुलं.

ग्लॉसिफोनिडी: गोड्या पाण्यातल्या चपट्या जळवा. काही गोगलगायी आणि किडे खातात, काही मासे, बेडूक, कासवं, पाणपक्षी यांचं रक्त पितात. थेरोमायझॉन तर बदकांच्या नाकपोकळीत शिरून रक्त पिते.

पिसिकोलिडी: माशांवरच्या जळवा. अंग गोलसर आणि लांब, चूषक मोठे आणि उठून दिसणारे. बहुसंख्य समुद्रातल्या.

ओझोब्रँकिडी: मुख्यतः कासवांवरच्या. अंगाच्या दोन्ही बाजूंना झुबकेदार कल्ले.

सोंडवाल्यांचं रक्त रंगहीन असतं आणि त्यांना खऱ्या रक्तवाहिन्या असतात. हिरुडिनारियाच्या कुळात त्या वाहिन्या नाहीशा झाल्या आहेत. देहगुहेच्या पोकळ्यांमधून तांबडा, हिमोग्लोबिन असलेला द्रव फिरतो. म्हणजे जो प्राणी आपण वर्गात 'नमुना' म्हणून उघडतो त्याचं रक्ताभिसरण निम्म्या जळवांना लागूच पडत नाही. मला हे फार खटकतं.

ओळखायला सोपी खूण हवी असेल तर भिंगाखाली वलयं मोजा. प्रत्येक खऱ्या खंडावर बाहेरून खोट्या वळ्या असतात. शरीराच्या मध्यावर हिरुडिनारियात खंडाला पाच, ग्लॉसिफोनिडींत साधारण तीन, आणि माशांवरच्या काही जळवांमध्ये त्याहून कितीतरी जास्त. खंडांची एकूण संख्या मात्र सगळ्या जळवांमध्ये ठरलेली असते. पुस्तकात ३३ वाचलं असेल. डोक्याचं टोक धरायचं की नाही यावर कुणी ३२ म्हणतं, कुणी ३४. जळू वाढते ती खंड मोठे होऊन, नवे खंड येऊन नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी या जळवांवर जीव टाकते ती. ग्लॉसिफोनिडी जळू आपली पिल्लं सांभाळते.

जळवा उभयलिंगी. या कुलात मीलन म्हणजे एक जळू दुसरीच्या अंगावर शुक्राणूंची पुडी चिकटवते आणि ते कातडीतून आत शिरतात. मग अंडी पातळ, पारदर्शक कोषांत येतात. काही जाती ते कोष दगडावर चिकटवून त्यावर अंग पसरून बसतात, हेलोबडेला ते स्वतःच्या पोटालाच लावते. अंड्यांवर ताजं पाणी फिरावं म्हणून पालक जळू अंग लाटेसारखं हलवत राहते. पिल्लं बाहेर आली की मागच्या बाजूने पालकाच्या पोटाला घट्ट धरतात आणि तशीच लटकून फिरतात, पहिल्या जेवणापर्यंत. हेलोबडेलामध्ये पालक भक्ष्य पकडून ते पोटाखालच्या पिल्लांपर्यंत नेते, हेही नोंदलेलं आहे. हिरुडिनारिया काठच्या ओल्या मातीत कोष ठेवते आणि निघून जाते.

कुणाच्या टाकीत अशी जळू दिसली तर मारण्याआधी काचेला चिकटलेली असताना तिचं पोट बघा, एवढीच विनंती.

मोरपंखी

वाचनखूण साठवली. पोटाला लटकलेली पिल्लं! यूट्यूबवर शोधते लगेच.

टाकीवाला परळ

ताई, अगदी वेळेवर धागा आला. माझ्या दोन फुटी प्लँटेड टाकीत रॅम्सहॉर्न गोगलगायींची नुसती रिकामी कवचं सापडताहेत. एका कवचाच्या तोंडाशी फिकट, मधून पाठीवर काळसर ठिपके असलेलं काहीतरी चिकटलं होतं. ग्रुपवर काहींनी प्लॅनेरिया (चपटा कृमी) म्हटलं, काहींनी जळू. मुलगी टाकीत हात घालते. तिला चावेल का? माशांना काही होईल का? आणि औषध कोणतं टाकू?

पाणवठा

@टाकीवाला परळ, आधी चाल बघा. प्लॅनेरिया काचेवरून सलग घसरत जाते, तिला चूषक नसतात. जळू पुढचं टोक टेकवते, मागचं ओढून जवळ आणते, मधे कमान होते. त्यात गल्लत होणार नाही.

मग डोळे. मोबाइलच्या मॅक्रो लेन्सने डोक्याच्या टोकाचा फोटो काढा. एकच जोडी आणि मानेवर तपकिरी कडक टिकली असेल तर हेलोबडेला स्टॅग्नॅलिस किंवा तिची जवळची. लिनियसने १७५८ मध्येच तिला नाव दिलं होतं. तीन जोड्या असतील आणि त्यांतली पहिली जोडी अगदी जवळजवळ असेल तर ॲल्बोग्लॉसिफोनिया. भारतात ॲल्बोग्लॉसिफोनिया वेबेरी गोगलगायी खाणारी म्हणून चांगली अभ्यासलेली आहे. लिम्निया आणि इंडोप्लॅनॉर्बिस या गोगलगायी गुरांच्या कृमींच्या वाहक, त्यामुळे या जळवेकडे गोगलगायींवरचा नैसर्गिक उपाय म्हणूनही पाहिलं गेलं. दोन जोड्या असतील तर मात्र सावध व्हा, ती हेमिक्लेप्सिस असू शकते आणि ती माशांवर जगते.

मुलीचं म्हणाल तर हेलोबडेला आणि ॲल्बोग्लॉसिफोनिया माणसाचं रक्त पीत नाहीत. निश्चिंत राहा.

औषध नको. तांब्याची औषधं घातलीत तर कोळंबी आणि उरलेल्या गोगलगायी आधी मरतील. खाणं कमी घाला, खडीत साचलेला गाळ उपसून काढा. तिथले लाल किडे कमी झाले की जळवांची संख्या आपोआप उतरते. नवी वनस्पती दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून मगच टाकीत लावायची सवय करा. आणि टाकीचं पाणी, काढलेली वनस्पती कधीही पवईत किंवा आरेच्या ओढ्यात ओतू नका. बार्ब्रोनिया जगभर पसरली ती वनस्पतींबरोबरच.

खाडीकाठ

आमचं घर वर्सोव्याला, वडील अजून बोटीवर जातात. पाकटाच्या अंगावर जळू मी लहानपणापासून बघत आलोय. जाड, खरखरीत, अंगावर गाठी, बोटाएवढी. ओढली तरी सुटत नाही. गिऱ्हाईक बघून नाक मुरडतं म्हणून आई आधीच काढून टाकते. ती तुमच्या तीन कुलांतली कोणती? आणि मासा खायला काही हरकत नाही ना, हे इथे स्पष्ट लिहा, कारण बाजारात लोक हेच विचारतात.

पाणवठा

@खाडीकाठ, वर्णन पाँटोबडेलाचं आहे, पिसिकोलिडी कुलातली. पाकट आणि त्यांचे भाऊबंद हे तिचं ठरलेलं घर. गाठी हीच तिची खूण.

मासा खायला काहीही हरकत नाही. ही जळू कातडीवर राहते, मांसात शिरत नाही, माणसात तिचा कोणताही रोग येत नाही. काढा, धुवा, शिजवा.

बाजारात अजून एक प्राणी लोक जळू समजतात. माशाच्या तोंडात किंवा कल्ल्यात बसलेला पांढरट, पाय असलेला, खवल्याखवल्यांच्या पाठीचा. तो कोळंबीच्या नात्यातला आयसोपॉड. पाय दिसले की जळू नाही.

खाडीकाठ

तो तर आम्ही रोज बघतो. धन्यवाद ताई, आईला वाचून दाखवलं.

जिताडाप्रेमी

रायगडात माझ्या मामाचं छोटं मत्स्यशेतीचं काम आहे, जिताड्याचं. समुद्री जळवांमुळे पिल्लं दगावतात असं तो म्हणतो. हा माशांना इतका धोका आहे का?

पाणवठा

आहे, आणि दाट साठवणीत फारच. झेलॅनिकोबडेला अरुगामेन्सिस नावाची लहान जळू १९६३ मध्ये श्रीलंकेतून वर्णन झाली. आज ती आशियातल्या हेकरू आणि जिताड्याच्या शेतीतली मोठी डोकेदुखी आहे. जिताड्यावरच्याच जळवा प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्या तेव्हा २७ अंश तापमानाला सोळा-सतरा दिवसांत पिढी पुरी झाली. म्हणजे महिन्याभरात जवळजवळ दोन पिढ्या. कोष जाळ्यांना आणि टाकीच्या भिंतींना चिकटलेले असतात, ते औषधाला दाद देत नाहीत. एकदा मासे बुचकळून काढले आणि काम झालं, असं होत नाही. जाळी वाळवणं, घासणं आणि पुन्हा उपचार करणं लागतं. शिवाय माशांवरच्या जळवा रक्तातले परजीवी, ट्रिपॅनोसोमासारखे, एका माशातून दुसऱ्यात नेतात. मामांना मत्स्यतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवायला सांगा, मात्रा अंदाजाने नको. वर्सोव्यालाच केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, तिथे विचारता येईल.

टीवायवाली

मॅडम, आमच्या पुस्तकात हिरुडिनिया वर्गाचे चार गण आहेत: अकँथोबडेलिडा, ऱ्हिंकोबडेलिडा, ग्नॅथोबडेलिडा, फॅरिंगोबडेलिडा. तुम्ही गण लिहिलेच नाहीत, थेट कुलं लिहिलीत. नेटवर कुठे तीन गण, कुठे दोन. परीक्षेत काय लिहू?

पाणवठा

परीक्षेत पुस्तकातले चार लिहा. खाली एक वाक्य जोडा की आता ग्नॅथोबडेलिडा आणि फॅरिंगोबडेलिडा हे दोन्ही अऱ्हिंकोबडेलिडा, म्हणजे बिनसोंडेच्या गणात धरतात. गुण कापले जाणार नाहीत.

गण मी मुद्दाम लिहिले नाहीत, कारण ऱ्हिंकोबडेलिडा हा गणच आता टिकत नाही. सोंडवाल्या आणि बिनसोंडेच्या ही विभागणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लांशार यांनी पक्की केली. ती इतकी रुजली की १९२७ साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेत जळवांचा खंड आला तेव्हा लेखकांनी कामच तसं वाटून घेतलं: सोंडवाल्या हार्डिंग यांनी लिहिल्या, बाकीच्या मूर यांनी. तो खंड आजही उघडावा लागतो, इतकं काम चोख आहे.

पण डीएनएच्या तुलनेत चित्र बदललं. सोंडवाल्यांचा एक फाटा दुसऱ्या सोंडवाल्यांपेक्षा बिनसोंडेच्या जळवांना जवळचा निघतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तसे निष्कर्ष येत होते. २०१८ मध्ये टेसलर आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच जाती एकत्र घेऊन हा गण मोडावा असं स्पष्टच मांडलं. त्यांच्या मांडणीत ग्लॉसिफोनिडींचा एक गण, ग्लॉसिफोनिफॉर्मिस. मासे आणि कासवांवरच्या जळवांचा दुसरा, ओशनोबडेलिफॉर्मिस.

जुना विद्यार्थी

दर दहा वर्षांनी नावं बदलायची आणि पोरांनी पाठ करायची. सोंड आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं, डीएनए दिसत नाही. ओळखायला सोपी ती विभागणी ठेवावी, असं माझं स्पष्ट मत. यात चूक काय?

पाणवठा

ओळखण्यासाठी ठेवाच, मीही वर तेच केलं. पण ओळखीची किल्ली आणि नातं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

'जबडा नाही' या खुणेवर घराणं उभं करणं म्हणजे चाळीतल्या ज्या ज्या बिऱ्हाडांत स्कूटर नाही ती सगळी एकमेकांची भावकी म्हणण्यासारखं आहे. एर्पोबडेलाला जबडे नाहीत आणि ग्लॉसिफोनियाला नाहीत, तरी एर्पोबडेला हिरुडिनारियाची जवळची नातलग आहे. सोंडेचंही तसंच. सोंड ही जुन्या पूर्वजांकडून आलेली वस्तू असेल तर ती दोघींकडे आहे एवढ्यावरून त्या दोघी सख्ख्या ठरत नाहीत. तिसरीने ती टाकून दिलेली असू शकते.

याने फरक काय पडतो? पडतो. रक्त पिणं जळवांच्या वंशात एकदाच आलं का, आणि मग किती वेळा सुटलं, हे नात्याच्या झाडाशिवाय विचारताच येत नाही. लाळेतली कोणती रसायनं एका पूर्वजाची आणि कोणती स्वतंत्रपणे घडलेली, हेही नाही. पिल्लं सांभाळणं ग्लॉसिफोनिडींमध्येच एवढं का फुललं, हेही नाही. पाठांतराचा त्रास मला कळतो, मी रोज वर्गात बघते. पण चुकीचं नातं पाठ करून घेण्यापेक्षा एक नाव बदललेलं मला चालतं.

जुना विद्यार्थी

किल्ली आणि नातं वेगळं, हे पटलं. पुस्तकातही असंच दोन ठिकाणी वेगळं लिहायला हवं मग.

औषधवाला दादर

लाळेचा विषय निघाला म्हणून. मी औषधनिर्माणशास्त्राचा. हिरुडिन जबडेवाल्या जळवेतलं, ते रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला अडवतं, हे सगळ्यांना माहीत असतं. सोंडवाल्यांचा मार्ग वेगळा आहे. मेक्सिकोतल्या हेमेंटेरिया ऑफिसिनॅलिसमधून १९८७ मध्ये अँटिस्टॅसिन मिळालं. ते गोठण्याच्या साखळीतल्या दहा-ए घटकाला रोखतं. आज हृदयाच्या आणि शिरांच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान या गोळ्या याच घटकावर काम करतात. गोळ्या जळवेपासून बनत नाहीत, त्या पूर्ण रासायनिक. पण हाच घटक नेमका अडवणाऱ्या सुरुवातीच्या नैसर्गिक रेणूंत अँटिस्टॅसिनचं नाव येतं. हेमेंटेरिया घिलिआनीत हेमेंटिन आहे. ते गुठळी होण्याचं कच्चं द्रव्य, फायब्रिनोजेन, तेच तोडतं.

पाणवठा

फार छान भर. एक जोडते: नुसतं रक्त पिऊन ब गटातली जीवनसत्त्वं पुरी पडत नाहीत. हेमेंटेरिया आणि प्लॅकोबडेला यांच्या अन्ननलिकेला जोडलेल्या खास अवयवांत जिवाणू राहतात आणि ती उणीव भरतात असं मानलं जातं. दोन्ही प्रजातींतले जिवाणू मात्र निरनिराळ्या वंशांतले.

वैद्य गिरगाव

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तेराव्या अध्यायात बारा जळवा आहेत, सहा सविष, सहा निर्विष. कपिला, पिंगला, शंकुमुखी वगैरे. यांत सोंडवाल्या असतील का?

पाणवठा

नमस्कार वैद्यराज. तिथली वर्णनं मुख्यतः रंग, आकार आणि लक्षणांवर आहेत. त्यावरून आजची जात ठरवायला मी धजणार नाही, आणि इतरांनीही ठरवू नये असं वाटतं. उपचारात आपल्याकडे वापरतात त्या जळवा जबडेवाल्या हिरुडिनारियाच्या गटातल्या. वाचकांना एवढंच: तळ्यातली कुठलीही जळू धरून घरी लावण्याचा प्रयोग करू नका.

वैद्य गिरगाव

याला पूर्ण अनुमोदन.

कासवमित्र

किनाऱ्यावर जखमी कासवं येतात तेव्हा मदतीला जातो. मानेच्या वळीत, पायांच्या बगलेत झुबकेच्या झुबके जळवा असतात. त्याच ना या ओझोब्रँकिडी?

पाणवठा

समुद्री कासवावर बाजूंना कल्ल्यांचे झुबके असलेल्या असतील तर ओझोब्रँकस. मार्गोई आणि ब्रँकिएटस या दोन जाती समुद्री कासवांवर ठाऊक आहेत. कासवांना गाठी आणणाऱ्या विषाणूचा प्रसार यांच्यामार्फत होत असावा असे पुरावे आहेत, म्हणून एका कासवाच्या जळवा काढलेला चिमटा दुसऱ्याला तसाच लावू नका.

याच प्रजातीतली ओझोब्रँकस जांत्सिएनस पूर्व आशियातल्या गोड्या पाण्याच्या कासवावर राहते. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, २४ तास राहून जिवंत निघते आणि उणे ९० अंशांना ३२ महिने टिकते. सोबत तपासलेल्या इतर जळवांना हे जमलं नाही.

मोरपंखी

उणे १९६! आणि अशी जळू कासवाच्या बगलेत!

पवईकर

आमच्या तळ्यात जळवा वाढल्यात. पाणी सडलंय असं समजायचं का?

पाणवठा

नुसत्या जळवेवरून नाही. पाण्यातल्या जिवांना गुण देण्याच्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत दहापैकी ग्लॉसिफोनिडींना ३, माशांवरच्या जळवांना ४ मिळतात. म्हणजे प्रदूषण सोसणाऱ्यांत त्यांची गणना होते. मैल्याने गाळातले किडे आणि गोगलगायी वाढतात, त्यांच्या मागे जळवा. पण स्वच्छ तळ्यातही त्या असतातच. सोबत मेफ्लाय या कीटकाची पाण्यात वाढणारी पिल्लं दिसतात का ते पाहा. ती नाहीशी झाली आणि उरल्या फक्त जळवा आणि लाल अळ्या, तर मग काळजी करा.

टाकीवाला परळ

फोटो मिळाला. तीन जोड्या, पहिली जवळजवळ. आणि पोटाखाली बारीक बारीक पिल्लं आहेत, मी मोजायला गेलो तर हलतात! मुलगी भिंग सोडत नाहीये. जळू वेगळ्या बरणीत ठेवली, खायला ब्लॅडर गोगलगायी देतोय. कॉलेजला नमुना म्हणून हव्यात का? कसा ठेवायचा?

पाणवठा

ॲल्बोग्लॉसिफोनियाच. पिल्लं पहिल्यांदा खाईपर्यंत हात लावू नका. नंतर एक-दोन मोठ्या चालतील.

थेट दारूत टाकलीत तर ती आक्रसून गोळा होते आणि डोळे, वलयं, जननछिद्रं काहीच दिसत नाही. उथळ ताटलीत पाणी घ्या, त्यात अल्कोहोलचे थेंब हळूहळू घालत जा. टोचल्यावर हलेनाशी झाली की दोन काचपट्ट्यांमध्ये अलगद सरळ करा, मग ७० टक्के अल्कोहोल. डीएनएसाठी एखादी ९५ टक्क्यांत, वेगळ्या कुपीत. आत कागदाची चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली, शाई विरघळते: तारीख, ठिकाण, टाकीतली की तळ्यातली, कशावर बसली होती. जिवंतपणी रंग कसा होता तेही लिहा, अल्कोहोलमध्ये रंग उडतो. राष्ट्रीय उद्यानातून मात्र परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, जळूसुद्धा नाही.

खाडीकाठ

पाकटावरची पण आणू का ताई?

पाणवठा

आणा. पाकट कोणता आणि कुठल्या पाण्यात मिळाला हे वडिलांना विचारून चिठ्ठीवर लिहा.